वहिनीची सोनोग्राफी

महाडात मी भाड्याने राहत होते त्या इमारतीच्या तळमजल्यावर सोनोग्राफीचं मशीन आलं, त्या वर्षी शहाण्यांच्या यादीत मी स्वतःचं नाव पहिलं लिहून ठेवलं होतं. दुसरं नाव घालायला माणूसच सापडत नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालेली आमच्या अख्ख्या पठारावर मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. स्टाफरूममध्ये माझ्यासारखेच विज्ञान शिकवणारे एक गुरुजी होते. ध्वनीचा धडा ते एका तासात उरकत. "प्रतिध्वनीसाठी किमान अंतर किती?" "सतराऽऽ मीटर!" असं पोरं पाढ्यासारखं ओरडायची. सतराच का, अठरा का नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि गुरुजींनाही. पुस्तकात सतराच्या जागी सत्तर छापलं असतं तर यांनी सत्तर शिकवलं असतं आणि पोरांनी त्याचेही मार्क घेतले असते. मला त्यांची कीव येत नसे, रागच यायचा. आमच्या वाडीत कड्यावर उभं राहून दादा म्हशींना हाळी घालायचा आणि समोरच्या डोंगरावरून ती परत यायची. मधल्या वेळात मी बोटं मोजायचे. प्रतिध्वनी मी अशी शिकले. गुरुजींना मात्र तो फळ्यावरच भेटला होता.

तर ते मशीन. बाहेर भला मोठा बोर्ड होता, 'रंगीत सोनोग्राफी'. आत पडद्यावर सगळं काळंपांढरं. रंगीत होता तो फक्त बोर्ड. त्याच्याखाली दुसरी पाटी, गर्भलिंग निदान केले जात नाही, आणि त्या पाटीला टेकून बसलेल्या सासवा आत जाऊन डॉक्टरांना हळूच विचारायच्या, "पेढे सांगू की जिलेबी?" डॉक्टर भडकून त्यांना बाहेर काढायचे. माणूस तिशीचा, किडकिडीत, बोलायला मऊ. मला मऊ बोलणारी माणसं अडाणी वाटायची. मी जाता-येता डोकावून शंका विचारायचे आणि तो बिचारा पडद्याकडे बोट करून दाखवायचा. त्यात त्याचा चांगुलपणा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटे, याला माझ्याकडून चार गोष्टी शिकायच्या आहेत.

बाकावर बसलेली मंडळी तर विचारू नका. कुणी म्हणे पोटाचा फोटो काढतात, कुणी म्हणे आत लाईट सोडतात. वरंधकडचा एक आजोबा महिन्याने परत आला. का, तर मागल्या खेपेला डॉक्टरांनी पोटाला गार मलम लावलं त्याने फार बरं वाटलं, तेवढंच थोडं द्या. ते मलम नव्हतं, जेल होतं. दुसरा एक मशीन लावून घेतल्यावर औषधाची चिठ्ठी तिथेच टाकून गेला. मशीन लावलं, आता आणि कशाला औषध! पी हळद नि हो गोरी.

अशा वेळी माझी जीभ वळवळायची. शाळा सुटली की मी त्या बाकावर बसून फुकट शिकवणी घ्यायचे.

"लाईट नाही, आवाज असतो," मी म्हणायचे. "तुम्हाला ऐकू येत नाही, कारण आपले कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडे हात टेकतात. डॉक्टरांच्या हातात तो दांडा असतो ना, त्याच्या तोंडाशी स्फटिक बसवलेले असतात. त्यांना वीज दिली की ते थरथरतात, सेकंदाला पस्तीस लाख वेळा. तो आवाज पोटात शिरतो. जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, यकृत संपलं, मूत्रपिंड लागलं, तिथून थोडासा परत फिरतो. बाकीचा पुढे जातो. परत आलेला आवाज तेच स्फटिक ऐकतात. अंगात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर धावतो, म्हणजे किती वेळाने परत आला त्यावरून किती खोलवरून आला ते कळतं. त्या हिशोबाने पडद्यावर ठिपका पडतो. ठिपक्यांचं चित्र होतं."

ऐकणारे माना डोलवायचे. काही कळलं नाही की माणसं जास्त जोरात मान डोलवतात.

"हवा मात्र याची वैरीण," हे माझं पुढचं वाक्य. "आवाज हवेला धडकला की जवळजवळ सगळाच्या सगळा मागे फिरतो. पलीकडचं काही दिसत नाही. दांडा आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहू नये म्हणून ते जेल. आणि पोटात वायू धरू नये म्हणून उपाशी यायचं. शिवाय उपाशी असलं की पित्ताची पिशवी भरलेली राहते, पडद्यावर काळीभोर, छान दिसते. तूप-तेल पोटात गेलं की ती आपलं पित्त पिळून देते आणि चिंचेच्या वाळक्या बोटकासारखी आकसून बसते. मग शोधा."

शेवटचं वाक्य मी राखून ठेवायचे. ते माझं फार आवडतं होतं. "आणि गंमत सांगू? हा स्फटिक शंभरातला जेमतेम एक भाग वेळ आवाज करतो. उरलेले नव्व्याण्णव भाग गप्प बसून ऐकतो."

हे सांगताना मी हात वर करून थांबायचे, म्हणजे समोरच्याला आश्चर्य करायला वेळ मिळावा.

आता आमच्या घरचं सांगते. आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाच्या पठारावर. तेव्हा वरपर्यंत गाडी येत नसे. खिंड उतरून दोन तास चालायचं, मग एस.टी. घरात आई, दादा आणि वहिनी. वहिनी उमरठकडची, माझ्याच वयाची. मी पुस्तकं घेऊन महाडला मामाकडे शिकायला गेले त्या वर्षी ती लग्न होऊन आमच्या घरात आली, म्हणजे मी रिकामी केलेली कामं तिच्या अंगावर पडली. पाणी, शेण, चार म्हशी, नाचणीची लावणी. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण त्यात विशेष काही आहे असं वाटत नव्हतं.

वहिनीचं पोट दुखायचं. उजवीकडे, बरगडीच्या खाली, तिथून पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत. शिमग्याला पुरणपोळ्या झाल्या, तुपाच्या धारेसकट जेवणं झाली, की दोन तासांनी ही पोट धरून कोपऱ्यात. गौरी-गणपतीत तेच. आई म्हणायची दृष्ट लागली. दादा काहीच म्हणायचा नाही, तो फार तर बाहेर जाऊन म्हशींना हाळी घालायचा. आणि मी म्हणायचे, कामाचा ढीग पडला की हिचं पोट बरोबर वेळेवर दुखतं. ढोंगाला घड्याळ लागत नाही.

सणालाच का दुखतं, हा प्रश्न विज्ञानाच्या बाईंना पडायला हवा होता. सणाला तूप असतं. बाकावर बसलेल्या परक्या माणसांना मी तुपाचं आणि पित्ताच्या पिशवीचं नातं रोज समजावून सांगत होते. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा.

एका शिमग्याला ती अशीच आडवी झाली, आणि भांडी माझ्या वाट्याला आली. मी चिडून दादाला म्हणाले, "हिला महाडला आण. मशीन लावू. मशीन खोटं बोलत नाही."

आता खरं सांगते. तिला बरं वाटावं म्हणून मी हे म्हटलं नव्हतं. ती खोटं बोलते हे एकदा छापील कागदावर मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि तिला, बिचारीला, वाटलं की आपलं ऐकून घेणारं कुणीतरी अखेर निघालं. तिने माझे हात धरले. "वन्सं, तुमीच काय ते बगा. मला कोण नाय इथं," म्हणाली. मी हात सोडवून घेतले, कारण माझ्या हाताला भांड्यांची राख होती.

पंधरा दिवसांनी दादा तूप विकायला महाडच्या बाजाराला आला, तेव्हा मी त्याला तारीख सांगितली. "रात्री जेवल्यावर काही खाऊ देऊ नका. उपाशी आणा." बस, एवढंच. बाकावरच्या आजोबांना मी अर्धा तास समजावत असे. सख्ख्या भावाला एक वाक्य. का उपाशी, कशाने बिघडतं, ते सांगून त्याला काय कळणार, असा माझा विचार.

वाडीची एक रीत आहे. खिंडीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक धोंडा आहे. त्याच्यावरून रिकाम्या पोटी कुणी उतरायचं नाही. उतरलं तर खिंड लागते, म्हणजे वाटेत चक्कर येते, पाय घसरतो, माणूस दरीत जातो. म्हणून घरातून कुणी खाली निघालं की आई दारात पेला घेऊन उभी. म्हशीचं दाट दूध आणि त्यात लिंबाएवढा तुपाचा गोळा. एकादशी असो, सोमवार असो, कडक उपास असो, खिंडीचं दूध कशात मोडत नाही. ते खाणं नव्हे. तो वाटेचा मान. तो पेला संपल्याशिवाय आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. सुट्टी संपवून महाडला परतताना मी स्वतः तो पेला नाक धरून शंभर वेळा प्यायले आहे. म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. विज्ञान शिकले तेव्हापासून मला घरातल्या रीती ठाऊक असण्याचीच लाज वाटायची, त्यामुळे त्या मी डोक्याच्या अशा कोपऱ्यात टाकल्या होत्या की कामाच्या वेळी हाताला लागू नयेत.

ठरल्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं आली. वहिनीने लग्नातलं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल चोपडून घट्ट अंबाडा. देवाला निघाल्यासारखी. बाकावरची माणसं तिच्याकडे बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला पुढे घालून आत नेलं.

डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपायला सांगितलं. "काही खाल्लं-प्यायलं नाही ना सकाळपासून?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "उपाशी आहे. मी आधीच सांगून ठेवलं होतं."

वहिनी कोपरावर उठली. "वन्सं, सकाळच्याला निघताना..."

"तू गप्प झोप. त्यांना वेळ नाही तुझ्या गोष्टी ऐकायला."

ती झोपली. डॉक्टरांनी जेल लावलं, दांडा फिरवायला सुरुवात केली, आणि मी माझी शिकवणी सुरू केली. हे यकृत. हे मूत्रपिंड. हा बघ आवाज इथून परत फिरला. वहिनी पडद्याकडे बघतच नव्हती, छताकडे बघत होती. डॉक्टर मधूनमधून म्हणत होते, "बाई, एक मिनिट... श्वास धरा... डाव्या कुशीवर वळा." मी थांबत नव्हते. त्यांनी बरगडीखाली दांडा तीन-चारदा दाबला. वहिनीने दात आवळले.

"पित्ताशय अगदी आकसलंय," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "नीट दिसत नाही. शेजारी आतड्यात वायू पण आहे. या नक्की उपाशी आहेत?"

"माझा शब्द आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, वाद घातला नाही. मऊ माणूस. रिपोर्ट इंग्रजीत टाईप होऊन आला. पित्ताशय आकसलेलं, खडा स्पष्ट दिसला नाही, आणि त्याच्याखाली एक ओळ: पूर्ण उपाशी पोटी पुन्हा तपासणी करावी. ती ओळ मी वाचली नाही असं नाही. वाचली, आणि हसले. दिसलं काही नाही, तरी पुन्हा या म्हणतो, म्हणजे आपलं अज्ञान झाकतो, असा मी त्या ओळीचा अर्थ लावला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. बाहेर येऊन दादाला सांगितलं, "काही नाही. पोटात काही नाही तिच्या. मशीनने सांगितलं."

दादाने सुस्कारा सोडला. त्याला आनंदच झाला होता. वहिनी मात्र माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

"मग दुखतंय ते काय हाय?" तिने विचारलं.

"ते तुलाच ठाऊक," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी पदवीसोबत घेऊन आले होते. पुढच्या सुट्टीत वाडीत गेले तेव्हा तो रिपोर्ट चार बायकांत वाचून दाखवला आणि वर म्हणाले, "हिचं दुखणं मशीनलासुद्धा दिसत नाही, इतकं बारीक!" बायका खोखो हसल्या. 'मशीनवाली' हे नाव तिला मीच दिलं. वाडीत ते चिकटलं. पाणवठ्यावर ती जरा टेकली की कुणीतरी म्हणायचं, "काय गो मशीनवाले, बंद पडलीस काय?" त्या हसणाऱ्या बायकांना मी नंतर पुष्कळ नावं ठेवली. पण तो विनोद त्यांचा नव्हता, त्या फक्त तो वापरत होत्या.

त्यानंतर वहिनी पोट दुखतं म्हणायची बंद झाली. मला वाटलं, बघा, औषधाशिवाय बरी केली.

ती बरी झाली नव्हती. ती पोळीवर तूप घ्यायची नाही, वाढलं तर कुणाच्या नकळत दादाच्या पानात सरकवायची. एकदा सकाळी मी गोठ्यात गेले तर ही म्हशीच्या अंगाला उजवी कूस दाबून उभी. डोळे मिटलेले, पदराचा बोळा तोंडात. म्हैस शांतपणे रवंथ करत होती. त्या घरात शेक मागितला तर हसू होतं, म्हणून ती जनावराच्या अंगाची ऊब घेत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी काय म्हणाले? "धारा काढायच्या राहिल्यात की झोप काढायची राहिलीय?" तिने पदर काढला, म्हणाली, "काडते हां वन्सं," आणि खाली बसली.

असं दीड वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी पाऊस संपता संपता तिचे डोळे पिवळे झाले. ताप, थंडी, उलट्या. आईने कावीळ उतरवणारा माणूस बोलावला. त्याने तिच्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली. माळ ढिली होत खाली उतरली की कावीळ उतरली, असा हिशोब. माळ उतरली, कावीळ उतरली नाही. तिसऱ्या दिवशी दादाने घोंगडीची झोळी केली आणि चार गड्यांनी तिला खिंडीतून खाली आणलं. या वेळी दूध नव्हतं. तीन दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आईने पेला ओठाला लावून बघितला म्हणे, तो उलटून पडला.

दादाने शाळेत निरोप पाठवला. मी तासावरून उठून धावले, आणि वाटेत डोक्यात काय चाललं होतं, तर कावीळवाल्याचा राग. त्या माळवाल्याला काय काय बोलायचं याची जुळणी मी तळमजल्याच्या दारापर्यंत करत होते. दुसऱ्याचा अडाणीपणा असला की केवढा आधार असतो माणसाला.

तोच डॉक्टर, तेच टेबल. वहिनीचा रंग हळदीच्या फडक्यासारखा झाला होता. त्यांनी दांडा बरगडीखाली ठेवला आणि हलवायचीसुद्धा गरज पडली नाही. पडद्यावर काळीभोर टपोरी पिशवी. तळाशी तीन पांढरे शुभ्र ठिपके, बोराच्या बीएवढे. आणि प्रत्येक ठिपक्याच्या मागे खालपर्यंत गेलेला एक काळा पट्टा.

तो पट्टा काय असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आवाज खड्यावर आपटून परत येतो, पलीकडे जातच नाही, म्हणून खड्याच्या मागे अंधार पडतो. सावली म्हणतात तिला. हेसुद्धा मी बाकावर शिकवलं होतं. मशीनला न दिसणारं दुखणं तिथे तिहेरी सावली पाडून बसलं होतं.

त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. खोलीत फक्त मशीनच्या पंख्याची घरघर.

"मागच्या वेळी आला होतात," डॉक्टर वहिनीला म्हणाले, "तेव्हा सकाळी काही घेतलं होतं का?"

"दूद," वहिनी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम फुटत होता. "तूप घालून. खिंडीचं. सासूबाय देतात ते."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. तिथे तरी त्यांचा तो मऊपणा त्यांनी बाजूला ठेवायला हवा होता असं मला अजून वाटतं, म्हणजे मला उलटून बोलता आलं असतं.

चौथा एक खडा पिशवीतून सुटून नळीत अडकला होता, पित्त तुंबलं होतं, आत पू झाला होता. महाडात ते ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. गाडी करून तिला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती राहते की जाते अशी होती. दादा दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसले आणि खिंडीचं दूध, ती रिपोर्टची शेवटची ओळ, माझा शब्द, सगळं त्याला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू एवढी शिकलेली, म्हणून मी दुसऱ्या कोणाला इचारलं नाय."

वहिनी वाचली. ऑपरेशननंतर सर्जनने पिशवीतले खडे एका लहान काचेच्या बाटलीत घालून तिच्या हातात दिले. तीन, तपकिरी, कोनाकोनांचे. ती बाटली तिने घरी आणून कोनाड्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. घरी कुणीही आलं की ती चहाच्या आधी बाटली पुढे करायची आणि कानाशी वाजवून दाखवायची. "ऐका. हे व्हतं माझ्या पोटात. मी खोटं बोलत नव्हते." ज्या बायका पाणवठ्यावर हसल्या होत्या त्यांना तिने एकेकीला बोलावून ऐकवलं. त्यांनी बाटली डोळ्यांशी नेऊन 'अगं बाय गो' केलं आणि मशीनवाली हे नाव दुसऱ्या दिवसापासून आपलं नव्हतंच असं दाखवलं. निलाजऱ्या मेल्या. पण त्यांच्या रांगेत मी उभी होते, आणि सगळ्यांच्या पुढे.

आईला मी एकदा झापलंच. "उपाशी आणा सांगितलं होतं, तरी तुपाचं दूध पाजलंस?"

आईने चुलीवरून मान वर केली नाही. "उपाशीच व्हती गो. खिंडीचं दूद कुठं उपासाला चालत नाय? आनि त्येनं मशीन बिगाडतं हे मला कोन बोललं व्हतं? तू बोललीस?"

मी बोलले नव्हते. महाडच्या अर्ध्या बाजाराला सांगितलं होतं, आईला नाही.

शेवटी एका संध्याकाळी गोठ्यात वहिनीला विचारलं. ती धार काढत होती. तोंडाने मी माफी वगैरे मागणारी नव्हे, म्हणून आरोपासारखंच विचारलं. "त्या दिवशी टेबलावर सांगितलं का नाहीस गं, दूध प्यायले म्हणून?"

तिचा हात थांबला नाही. "सांगत व्हते की, वन्सं," ती म्हणाली. "तुमी बोलत व्हता."

रागाने नाही म्हणाली. म्हैस आटली की आटली म्हणावं, तसं म्हणाली. मग बादली उचलून आत गेली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता गेला, खिंडीतल्या धोंड्याला गाडीतूनच नमस्कार होतो. वहिनीचे गुडघे गेलेत हे मला एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. तिला साखरेचा त्रास सुरू झाला हे शेजारणीकडून कळलं. मी घरी गेले की ती पाण्याचा तांब्या देते, "बरं हाय ना, वन्सं?" विचारते, माझ्या पाठदुखीची सगळी कहाणी नीट ऐकून घेते. मग मी विचारते, "तुझं कसं चाललंय?"

"माझं काय," ती म्हणते. "बरं हाय."

मी गप्प बसते. वाट बघते. हल्ली मला तासभर गप्प बसता येतं. ती काही सांगत नाही.